लहान मुलांचा भूलतज्ज्ञ व्हायचं असेल तर काय काय करायचं

तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण २५० एमएल रक्त असतं. म्हणजे आपल्या घरातलं एक फुलपात्र. मोठ्या माणसाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचे दोन-तीन गॉज भिजले तर कोणी वळून बघत नाही, इथे मात्र ते गॉज काट्यावर ठेवून वजन करावं लागतं, कारण २५ एमएल गेलं म्हणजे दहा टक्के रक्त गेलं. एमडीच्या पहिल्या वर्षी ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) चहाच्या खोलीत आमच्या एका मॅडमनी खरंच फुलपात्र हातात घेऊन हे दाखवलं होतं आणि मला तेव्हाच वाटलं की हे काम आपल्याला करायचंय. तुम्हालाही असं वाटत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे, बारावीत असा, इंटर्न असा नाहीतर एमडी करत असा.

रस्ता आधी सांगून टाकते, तो सगळीकडे मिळतो. नीट देऊन एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग नीट पीजी देऊन अ‍ॅनेस्थेशियात एमडी किंवा त्याच्या बरोबरीचं डीएनबी, तीन वर्षं. सरकारी कॉलेज असेल तर सरकारी नोकरीचा बॉण्ड मध्ये येतो. त्यानंतर फक्त मुलांच्या भुलेची फेलोशिप, बहुतेक ठिकाणी एक वर्षाची, किंवा डीएम म्हणजे सुपरस्पेशालिटीची पदवी, ते तीन वर्षांचं. डीएमच्या सीट अगदी मोजक्या आहेत, दिल्लीचं एम्स हे त्यातलं मोठं नाव. एकूण बारावीनंतर दहा ते बारा वर्षं धरून चला आणि घरी पण तेवढीच सांगा, कारण पाच वर्षांनी "अजून शिकतेसच का गं" असं काकू-मावश्या विचारायला लागल्या की मग त्रास होतो.

एमडीची सीट निवडताना एक गोष्ट बघा जी कोणी सांगत नाही. त्या कॉलेजला स्वतःचं पेडियाट्रिक सर्जरी डिपार्टमेंट आहे का? ते नसेल तर तुमच्या वाट्याला मुलं येणार ती टॉन्सिल, तिरळे डोळे आणि हात मोडलेली, ती पण शिकायला चांगलीच आहेत पण एक महिन्याच्या आतलं बाळ तुम्ही वर्षातून दोनदा बघणार. आणि तिथल्या सिनियर रेसिडेंटला फोन करून "केसेस किती होतात" असं विचारू नका, "एक वर्षाच्या आतलं मूल तुला स्वतःच्या हाताने किती वेळा करायला मिळालं" असं विचारा. केस बघणं आणि केस करणं यात फार फरक आहे. आमच्याकडे परळचं वाडिया, बाहेर वेल्लोरचं सीएमसी, अशा जागी मुलांची गर्दी असते, फेलोशिपसाठी तिथे अर्ज करा, आणि जमलं तर आधी पंधरा दिवस नुसतं बघायला जा.

आता हाताचं काम. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

मास्क धरणं सगळ्यात आधी शिका, श्वासनलिकेत ट्यूब टाकणं नंतर. नवीन पोरं हमखास एक चूक करतात, हनुवटीखालच्या मऊ भागावर बोटं दाबतात, त्याने जीभ वर टाळूला जाऊन चिकटते आणि हवा जायची बंद होते आणि मग सगळे घाबरतात. बोटं हाडावर ठेवायची, फक्त हाडावर. तान्ह्या बाळाचं डोकं मागून मोठं असतं त्यामुळे सपाट टेबलावर मान आपोआप पुढे वाकते, खांद्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवली की अर्धं काम होतं. बाळाला किलोमागे ऑक्सिजन मोठ्यांच्या जवळपास दुप्पट लागतो आणि फुप्फुसातला साठा मात्र थोडा, म्हणून मोठ्या माणसात तुमच्याकडे दोन-तीन मिनिटं असतात ती इथे नसतात, सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा) आवाज बदलायला लागला की हात आधी मास्ककडे गेला पाहिजे, विचार नंतर.

सुईचं सांगायचं तर २४ नंबरची पिवळी सुई तुमची मैत्रीण. गुबगुबीत बाळाच्या हातावर शीर दिसतच नाही, तेव्हा पायाच्या घोट्याच्या आतल्या हाडाच्या किंचित पुढे बघा, तिथली शीर दिसली नाही तरी तिथे असते. मी कित्येकदा नुसत्या भरवशावर तिथे टाकलीये.

ट्यूबचा साईझ वयाला चारने भागून चार मिळवायचे, कफवाली (टोकाजवळ छोटा फुगा असलेली) असेल तर साडेतीन. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला कफशिवाय पाच नंबर, कफसकट साडेचार. हे पाठ असलंच पाहिजे पण अर्धा नंबर लहान आणि अर्धा मोठा ट्रेवर काढलेला हवाच, कारण मूल पुस्तक वाचून वाढत नाही. सलाईनचा हिशोब हॉलिडे आणि सेगर यांनी १९५७ मध्ये दिला तोच आजही चालतो, पहिल्या दहा किलोला तासाला किलोमागे चार एमएल, पुढच्या दहाला दोन, त्यापुढे एक. बारा किलोचं मूल असेल तर ४४.

आणि वजन. याबद्दल माझी स्वतःची गोष्ट सांगते. सेकंड इयरला असताना एका हॉस्पिटलमध्ये हर्नियाचं मूल होतं, फाईलवर १३ किलो लिहिलेलं, मी १३ किलोने सगळी इंजेक्शनं काढून लेबलं लावून ठेवली. आईच्या हातातून मूल घेतलं तेव्हा ओटीच्या सिस्टर म्हणाल्या, "अहो डॉक्टर, हे तेराचं नाही वाटत हो." काट्यावर ठेवलं तर आठ किलो चारशे. कुणीतरी घाईत ८ चा आकडा असा काढला होता की तो १३ वाचला गेला. म्हणजे प्रत्येक औषध दीडपट जाणार होतं. त्या दिवसापासून माझ्या हाताखालचं प्रत्येक मूल ओटीत शिरायच्या आधी माझ्या डोळ्यांसमोर काट्यावर ठेवलं जातं, काटा नसेल तर आईला मुलासकट उभं करते आणि मग एकटीला. तुम्हीही हेच करा. आणि सगळ्यात घाईच्या वेळी लागणारी औषधं, अ‍ॅट्रोपिन, सक्सा (स्नायू झटकन ढिले करणारं), अ‍ॅड्रिनॅलिन, त्या मुलाच्या वजनाने किती एमएल होतात ते आधीच कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. अ‍ॅड्रिनॅलिनची एक एमएलची अँप्यूल दहा एमएल केली की एका एमएलमध्ये १०० मायक्रोग्रॅम, तीन किलोच्या बाळाला ३० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.३ एमएल. मॉनिटर वाजत असताना हे गणित होत नाही, कुणाचंच होत नाही.

लॅरिंगोस्पाझम, म्हणजे स्वरयंत्र आवळून श्वास अडकणं, तुम्हाला भेटणारच. सर्दीवाल्या मुलात जास्त, आणि बहुतेक वेळा ऑपरेशन संपून सगळे निवांत झाल्यावर. आधी घोगरा आवाज येतो, मग आवाज बंद, छाती आत ओढली जाते आणि बॅग दाबली तरी दगडासारखी. घट्ट मास्क, शंभर टक्के ऑक्सिजन, जबडा दोन्ही बाजूंनी पुढे, दाब धरून ठेवायचा, मोठ्याने मदत मागायची, सुटत नसेल तर भुलेचं थोडं प्रोपोफॉल आणि तरी नाही तर सक्सा. हे घरी उशीवर बोटं ठेवून प्रॅक्टिस करा, खरंच करा. आणि सर्दी-खोकला-ताप असलेलं मूल असेल, ऑपरेशन तातडीचं नसेल तर दोन आठवडे पुढे ढकला, सर्जनला राग आला तरी चालेल, आई-बाबा लांबून एसटीने आलेत म्हणून मन द्रवतं ते मला कळतं, पण त्यांनाच समजावून सांगितलं की ऐकतात.

आपल्याकडच्या काही गोष्टी परदेशी पुस्तकात नसतात. ऑपरेशनला जायचं म्हणून आजी बाळाला पहाटे छान तेल चोळून आंघोळ घालते, मग ईसीजीचे स्टिकर चिकटत नाहीत आणि ट्यूबची चिकटपट्टी सरकते. डोळ्यात काजळ असतं, कमरेला करदोटा, पायात वाळे. आदल्या दिवशीच्या तपासणीत मी स्पष्ट सांगते, उद्या तेल नको, काजळ नको, धातूचं काही नको, तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. असं सांगितलं की कोणी दुखावत नाही. उपाशी ठेवण्याचंही तसंच. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी किंवा साखरपाणी पूर्वी दोन तास म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी एक तासापर्यंत देतात. चहा-बिस्किट म्हणजे काही खाल्लं नाही असं अनेक घरांत मानतात, म्हणून "काही खाल्लं का" असं न विचारता "सकाळपासून तोंडात काय काय गेलं" असं विचारा.

मुलाशी बोलायचं कसं हे तर कोणी शिकवतच नाही. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. नाव विचारा, घरी काय म्हणतात ते विचारा, मग त्याच नावाने हाक मारा. मास्क आधी त्याच्या हातात द्या, बाहुलीला लावू दे, आईला लावू दे. "टोचणार नाही" असं खोटं कधीच बोलू नका, टोचणार असेल तर तासभर आधी बधिर करणारं क्रीम लावा आणि सांगा की थोडंसं कळेल. जे मूल एकदा फसवलं गेलं ते पुढच्या ऑपरेशनला दारातूनच किंचाळतं, आणि ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांना तर पाच-सहा वेळा यावं लागतं.

आता रिसर्च. बहुतेकांना थिसिस म्हणजे सही मिळवायचा कागद वाटतो, मला याचं फार वाईट वाटतं, कारण मुलांच्या भुलेत मोठे बदल झाले ते कुणीतरी आपल्याच वॉर्डात काहीतरी बघून अस्वस्थ झालं म्हणून झाले. कंवलजीत आनंद यांचं उदाहरण घ्या. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस झालेले, मग ऑक्सफर्डला गेले. तिथे नवजात बाळांच्या आयसीयूत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशनला जाताना बऱ्यापैकी असलेली बाळं परत येतात तेव्हा राखाडी पडलेली, नाडी कमजोर. ते बघायला ओटीत गेले तर कळलं की बाळांना स्नायू ढिले करायचं औषध आणि नायट्रस ऑक्साईड, बस, वेदनेचं भारी औषध देतच नव्हते, कारण तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना वाटायचं की इतक्या लहान बाळाला दुखणं नीट कळत नाही आणि औषध मात्र त्याला झेपणार नाही. त्यांनी अपुऱ्या दिवसांची फक्त सोळा बाळं घेतली, हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधायचं ऑपरेशन होतं, आठ जणांना नेहमीचं आणि आठ जणांना त्यासोबत फेंटॅनिल. फेंटॅनिलवाल्या बाळांच्या रक्तातली ताणाची हार्मोन्स कमी वाढली आणि ऑपरेशननंतरचा त्रासही कमी झाला. १९८७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. सोळा बाळं! आपल्या कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात सोळा बाळं मिळतात, प्रश्न मिळत नाही.

म्हणून खिशात छोटी वही ठेवा. ओटीत जे खटकेल ते त्याच दिवशी एका ओळीत लिहा. माझ्या वहीत एकदा लिहिलेलं होतं, "लिस्टमधलं चौथं मूल रडून रडून झोपलं, कधीपासून उपाशी?" याचाच अभ्यास कसा करायचा ते सांगते. आधी दोन महिने नुसतं मोजा, प्रत्येक मुलाच्या आईला शेवटचं खाणं कधी, शेवटचं पाणी कधी ते विचारा आणि भूल सुरू झाल्याची वेळ लिहा. कागदावर सहा तास, प्रत्यक्षात दहा-बारा तास असं निघायची दाट शक्यता असते, कारण वॉर्डात सरसकट "रात्री बारानंतर काही नाही" सांगितलेलं असतं. मग एक बदल करा, फक्त एक, उदाहरणार्थ सकाळी पहिली केस आत गेली की उरलेल्या मुलांना साखरपाणी द्यायचं असा वॉर्डच्या सिस्टरना फोन. परत दोन महिने मोजा. झालं, यात पैसे लागत नाहीत आणि पोरांचा त्रास खरंच कमी होतो.

थिसिससाठी पद्धत थोडी लांबते. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहायच्या आधी पीएसएम (सामाजिक आरोग्य) डिपार्टमेंटच्या स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांकडे जा, नंतर नको, किती मुलं लागतील हे आधीच ठरलं पाहिजे. एथिक्स कमिटीची परवानगी आल्यावर, ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी, आणि ती पहिलं मूल घ्यायच्या आधी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी तिथे घेतच नाहीत. आई-बाबांची संमती लागतेच, शिवाय आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) नियमांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार. मूल नको म्हणालं तर नको.

संमतीपत्राचं मराठी मात्र स्वतः लिहा. "यादृच्छिक पद्धतीने गट निवडला जाईल" असं वाक्य मी कितीतरी फॉर्मवर वाचलंय, ते मलाच दोनदा वाचावं लागतं. "चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, आम्ही किंवा तुम्ही निवडणार नाही" असं लिहा. लिहून झालं की वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा आणि त्यांना तुम्हालाच परत समजावून सांगायला सांगा. त्या जिथे अडखळतील ती ओळ बदला.

मोठे अभ्यास वाचायची सवय लावा कारण पालक आता गुगल करून येतात. "भुलेने मेंदूवर परिणाम होतो का हो?" हा प्रश्न रोजचा. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तीन वर्षांखालच्या मुलांत तीन तासांपेक्षा लांब किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलेबद्दल इशारा दिला, तो बातम्यांत आला आणि तेव्हापासून भीती आहे. याच प्रश्नावर मेलबर्नचे अँड्र्यू डेव्हिडसन आणि त्यांच्या सोबतच्यांनी सात देशांतल्या २८ हॉस्पिटलांत ७२२ तान्ही बाळं घेतली, सगळ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन, अर्ध्यांना पूर्ण भूल आणि अर्ध्यांना जागेपणी पाठीतलं इंजेक्शन, आणि मुलं पाच वर्षांची होईपर्यंत थांबून मग बुद्धीची चाचणी घेतली. २०१९ मध्ये निकाल आला, तासाभराच्या आतल्या एका भुलेने फरक दिसला नाही. २००७ मध्ये पहिलं बाळ घेतलं होतं, बारा वर्षं! मी पालकांना हा अभ्यास गोष्टीसारखा सांगते, तीन तासांपेक्षा लांबचं ऑपरेशन असेल तर तेही लपवत नाही, पण जे ऑपरेशन आत्ता करणं गरजेचं आहे ते भुलेच्या भीतीने थांबवू नका हे ठामपणे सांगते.

दुसरा अभ्यास अ‍ॅप्रिकॉट, युरोपातल्या ३३ देशांत ३० हजारांवर मुलं, त्यात ५.२ टक्के वेळा काहीतरी गंभीर घडलं, मुख्यतः श्वासाचं किंवा रक्ताभिसरणाचं. आणि टीममधल्या सिनियर माणसाचा मुलांमधला अनुभव जितका जास्त तितकं हे प्रमाण कमी. फेलोशिप कशाला करायची, एमडी तर झालंय, असं विचारणाऱ्यांना मी हे दाखवते.

नोकरीचं थोडक्यात. मुंबई-पुण्यात मुलांच्या हॉस्पिटलला लागलात तर पगार सुरुवातीला फ्रीलान्स करणाऱ्या मित्रांपेक्षा कमी वाटेल, पण हात तयार होतो. जिल्ह्याच्या गावी गेलात तर गरज प्रचंड आहे, २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत तपासून ऑपरेशनसाठी मुलं पाठवतात आणि मुलांना भूल देणारं माणूस तिथे बरेचदा नसतं. फ्रीलान्स करणार असाल तर एक नियम मनाशी पक्का करा. कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साईड दाखवणारं यंत्र) नाही, लहान साईझचं सामान नाही, बाळ गरम ठेवायची सोय नाही, तर केस घ्यायची नाही. स्वतःची बॅग ठेवा, जॅक्सन रीस सर्किट (लहान मुलांना श्वास द्यायची नळी-बॅग), छोटे मास्क, ट्यूबचे सगळे नंबर. पहिली दोन वर्षं नाही म्हणणं जड जातं, एखादा सर्जन पुन्हा बोलावणार नाही, बोलावू दे दुसऱ्याला. परदेशी जायचं तर टोरोंटोचं सिककिड्स, मेलबर्न, लंडन इथे फेलोशिप असतात, दीड-दोन वर्षं आधी अर्ज करावा लागतो आणि तेव्हा तुमचा एखादा छापलेला पेपर खूप उपयोगी पडतो.

शेवटचं एक काम, आजपासूनच सुरू करा. मूल त्याच दिवशी घरी गेलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी फोन करा. तीनच प्रश्न विचारा: उलटी झाली का, दुखतंय म्हणून रात्री किती वेळा उठलं, आणि सांगितलेलं औषध खरंच दिलं का. तिसऱ्याचं उत्तर कितीदा तरी "रडलं तरच द्यायचं ना हो ताई?" असं येतं. ते जसंच्या तसं वहीत लिहा, तारीख टाकून.